नुसती ‘लेझरबंदी’ नको, मिलिवॅटची मर्यादा हवी: लेझर पेनांबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
मा. नियंत्रक, वैध मापन शास्त्र, महाराष्ट्र राज्य
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो, नवी दिल्ली

विषय: हातात धरायच्या लेझर पेनांची विक्री, तपासणी आणि मनाई आदेशांची भाषा

महोदय / महोदया,

श्रावण सरत आला की पोलीस आयुक्तालयांतून आणि जिल्हाधिकारी कार्यालयांतून मिरवणुकीत लेझर वापरायला मनाई करणारे आदेश निघू लागतात. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून या आदेशांना जोर आला आहे. हेतूबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पण आदेशात ‘लेझर’ एवढा एकच शब्द असतो. त्यामुळे कधी मंडपातल्या साध्या झगमगाटावर कारवाई होते आणि शाळकरी मुलाच्या खिशातलं हिरवं पेन, ज्याने खरोखर डोळा जाऊ शकतो, ते तसंच राहतं. शिवाय आदेश निघतो तोवर पेन विकलं जाऊन घरी पोचलेलं असतं.

आमच्यात भौतिकशास्त्र शिकवणारे आहेत, डोळ्यांचा पडदा तपासणारे आहेत, कार्यक्रमांची प्रकाशयोजना करणारे आहेत आणि रात्री लोकांना तारे दाखवायला लेझर वापरणारेही आहेत. म्हणजे आमच्यातल्या काहींचं काम लेझरवाचून अडतं. तरीही आमचं म्हणणं एकच आहे. आदेशात लेझर या शब्दाबरोबर मिलिवॅट (किरणाची शक्ती) आणि नॅनोमीटर (त्याची तरंगलांबी, म्हणजे रंग) यायला हवेत, आणि बंधन मिरवणुकीच्या रस्त्यावर लावण्याआधी विक्रीच्या टेबलावर लागायला हवं.

पहिला घोळ नावाचा. लोक ज्याला लेझर म्हणतात त्यात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे ट्रॉलीवर डोकं फिरवत राहणारा बीम लाइट, ज्याला सगळे ‘शार्पी’ म्हणतात. तो लेझर नाहीच. तो अरुंद झोताचा मोठा दिवा आहे. त्याने डोळे दिपतात, वाहनचालकाला त्रास होतो, पण पडदा जाळण्याची त्याची रीत लेझरची नव्हे. दुसरी म्हणजे शो लेझर. यात आरशांनी वेगाने फिरवलेला, बहुधा वॅटमध्ये मोजायचा किरण असतो. याचा धोका मोठा आहे. आरसा मध्येच थांबला तर क्षणात दिवा बंद करणारी यंत्रणा असावी, लोक उभे असतात त्या जमिनीपासून किरण किमान ३ मीटर वर राहावा, हे नियम जगभर माहीत आहेत आणि ते इथेही सक्तीचे व्हायला हवेत. पण शो लेझरला मालक असतो, भाडेकरार असतो, गाडीचा नंबर असतो. त्याला शोधता येतं. तिसरी वस्तू हातातलं पेन. त्याला मालक नाही, परवाना नाही, बिल नाही. हे पत्र या तिसऱ्या वस्तूबद्दल आहे.

एक मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. घरात ९ वॅटचा दिवा लावणाऱ्या माणसाला ‘पाच मिलिवॅट धोक्याचे’ हे पटत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. फरक असा की दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. ९ वॅटच्या एलईडी दिव्यापासून एक मीटरवर उभं राहिलं तर अंधारात ७ मिलिमीटर उघडलेल्या बाहुलीतून जेमतेम दहा मायक्रोवॅट, म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग आत शिरतो. लेझरचा किरण मात्र सगळाच्या सगळा बाहुलीतून आत जाऊ शकतो. आणि तो सरळ, समांतर येत असल्यामुळे डोळ्याचं भिंग त्याला पडद्यावर १० ते २० मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा करतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बुबुळावर जी तीव्रता असते तिच्या सुमारे लाखपट तीव्रता पडद्यावर होते. २० मायक्रॉनच्या ठिपक्यात एक मिलिवॅट पडला तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला तीनशे वॅट भरतात. नीट बघताना आपण ज्या जागेने बघतो, तो पीतबिंदूचा मधला भाग, नेमका तिथेच हा ठिपका पडतो, कारण माणूस स्वभावतः प्रकाशाकडे बघतो.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकात, जे आपल्याकडे आयएस/आयईसी ६०८२५-१ या क्रमांकाने आहे, लेझरचे वर्ग पाडले आहेत. दिसणाऱ्या प्रकाशाचा १ मिलिवॅटपर्यंतचा लेझर वर्ग २ मध्ये येतो, ५ मिलिवॅटपर्यंतचा ३आर मध्ये, ५०० मिलिवॅटपर्यंतचा ३बी मध्ये आणि त्यापुढचे वर्ग ४ मध्ये. १ मिलिवॅट हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. झगमगीत प्रकाश पडला की माणूस पाव सेकंदात डोळा मिटतो किंवा मान वळवतो असं धरलं आहे, आणि पाव सेकंदासाठी बुबुळावर दर चौरस मीटरला सुमारे २५ वॅट ही सुरक्षित मर्यादा आहे. ७ मिलिमीटरच्या बाहुलीशी ही मर्यादा गुणली की उत्तर जवळजवळ नेमकं १ मिलिवॅट येतं. या हिशेबाला एक कच्चा दुवा आहे. जर्मनीत प्रत्यक्ष माणसांवर मर्यादेतल्या किरणाने प्रयोग झाले, तेव्हा पाचात एकाहूनही कमी लोकांनी लेझर पडताच डोळा मिटला. लहान मुलं तर मुद्दाम टक लावून बघतात. ‘कोण जास्त वेळ बघतो’ ही पैज शाळेच्या मधल्या सुट्टीत लागते, आणि डोळे तपासणाऱ्यांपुढे येणाऱ्या पोरांत अशी पैज जिंकलेली पोरं असतात.

अंतराचा हिशेबही आदेश लिहिणाऱ्याजवळ असावा. किरण १ मिलिरेडियनने, म्हणजे दर मीटरला एक मिलिमीटर, पसरतो असं धरू. ५ मिलिवॅटचं पेन सुमारे १५ मीटरपर्यंत पाव सेकंदाच्या सुरक्षित मर्यादेच्या वर असतं. ५० मिलिवॅटला हेच अंतर ५० मीटर, १०० मिलिवॅटला ७० मीटर आणि १ वॅटला सव्वादोनशे मीटरच्या आसपास जातं. मर्यादा ओलांडली की लगेच इजा झालीच असं नाही, कारण ही मर्यादा ठरवताना हातचं बरंच राखलेलं आहे. पण लक्ष्मी रस्त्यावर किंवा लालबागच्या गर्दीत समोरच्या गॅलरीतला माणूस दहा-पंधरा मीटरवर असतो, पुढच्या रांगेतला तीन मीटरवर. तिथे १०० मिलिवॅटचा किरण थेट डोळ्यात गेला तर डोळा मिटायच्या आतच जे व्हायचं ते होऊन जातं. आणि किरण थेटच जायला हवा असंही नाही. रथाला लावलेले आरसे, पथकातल्या पितळी झांजा, मोबाइलची काच, दुकानाचं शटर पॉलिश केलेलं असेल तर तेसुद्धा, हे सगळे किरण तसाच्या तसा परतवतात.

रंगाबद्दल एक मोठा गैरसमज आहे: जो झगझगीत दिसतो तो जास्त घातक. डोळा ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्याला ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा साधारण आठपट संवेदनशील आहे. म्हणून तेवढ्याच मिलिवॅटचं हिरवं पेन भपकेदार दिसतं. उलट ४०५ नॅनोमीटरचा जांभळा किरण डोळ्याला अगदी फिका वाटतो, म्हणून मुलं तो निर्धास्त तोंडावर मारतात, आणि तो मात्र ३बी वर्गातला असू शकतो. दिसणारी झगमग हे शक्तीचं माप नाही. पोलिसाने ‘पेन मंद होतं’ म्हणून सोडून देणं किंवा ‘फार चमकत होतं’ म्हणून जप्त करणं, दोन्ही चुकीचं ठरू शकतं.

आता हिरव्या पेनाच्या पोटात काय असतं ते सांगायलाच हवं, कारण बाजारातली खरी अडचण तिथे आहे. यातला हिरवा रंग थेट तयार होत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा किरण देणारा डायोड असतो. तो निओडिमियम मिसळलेल्या व्हॅनाडेट स्फटिकावर पडतो आणि त्यातून १०६४ नॅनोमीटरचा, तोही न दिसणारा किरण निघतो. हा पुढे केटीपी नावाच्या स्फटिकातून जाताना त्याची तरंगलांबी निम्मी होते, ५३२ नॅनोमीटर, म्हणजे हिरवी. या तिन्ही टप्प्यांत सगळी शक्ती पुढे सरकत नाही. उरलेला अवरक्त किरण अडवायला टोकाशी एक छोटी काच, अवरक्त गाळणी, बसवायची असते. स्वस्त पेनात पैसे वाचवायला ती काच वगळलेली असते. मग हिरव्या ठिपक्यासोबत न दिसणारा किरण बाहेर पडत राहतो. तो दिसत नसल्यामुळे डोळा मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया त्याच्यासाठी होतच नाही. पापणी उघडी, बाहुली उघडी.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१० मध्ये अशाच एका स्वस्त हिरव्या पेनाची चिरफाड केली. त्याचा हिरवा ठिपका मंद होता, पण अवरक्त किरण जवळजवळ २० मिलिवॅट निघत होता. याच संस्थेने २०१३ मध्ये १२२ पेनांची मोजणी जाहीर केली. हिरव्या पेनांतली जवळजवळ ९० टक्के आणि लाल पेनांतली सुमारे ४४ टक्के पेनं तिथल्या नियमांत बसली नाहीत. एक हिरवं पेन ६६.५ मिलिवॅटचं निघालं. अमेरिकेत विक्रीची मर्यादा ५ मिलिवॅट आहे, कायदा आहे, लेबलाची सक्ती आहे. तरी हा निकाल. म्हणून ‘लेबल बघा’ हा सल्ला आमच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. आपल्याकडे तर खोक्यावर ‘रेंज ५ किलोमीटर’ आणि पेनावर ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ असे दोन दावे एकाच वस्तूवर शेजारी-शेजारी नांदतात.

थंडीत आणखी एक गोष्ट घडते. आतल्या अवरक्त डायोडची तरंगलांबी तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते आणि स्फटिक नेमकं ८०८ च्या आसपासच नीट शोषतो. पेन गार असताना हिरवा किरण मंदावतो, पण डायोड तर तेवढाच पेटलेला असतो. न शोषलेला अवरक्त किरण गाळणी नसेल तर बाहेर येतो. नाशिक किंवा महाबळेश्वरच्या थंडीत ‘पेन उतरलं वाटतं’ म्हणून कुणी त्यात डोळा लावून बघत असेल, तर तो नेमका नको त्या वेळी बघतो आहे.

बाजारातलं सर्रास मॉडेल ओळखायला सोपं आहे: ॲल्युमिनियमची जाड नळी, १८६५० आकाराचा लिथियम सेल, मागे छोटी चावी, पुढे ‘तारे’ पाडणारी फिरकी टोपी. ही टोपी म्हणजे विवर्तन जाळी. ती एका किरणाचे शंभर तुकडे करते. टोपी काढली की सगळी शक्ती एकाच किरणात. पेन्सिल सेलवर चालणारं पेन आणि १८६५० सेलवर चालणारं पेन यांत विद्युतप्रवाह पुरवण्याची ताकद फार वेगळी आहे, म्हणून सेलचा आकार हा पहिला संशय घ्यायचा मुद्दा. फुगा फोडून दाखवणारं, काडी पेटवून दाखवणारं पेन तर संशयाच्याही पलीकडे, उघडउघड ३बी किंवा ४ आहे. अशी प्रात्यक्षिकं विक्रीच्या जाहिरातीत दिसतात. ती जाहिरातच पुरावा म्हणून पुरते.

विमानाबद्दल कायदा त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. विमान नियम १९३७ मधल्या नियम ६६ मध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. लेझर त्यात नावाने आला आणि विमानतळाभोवतीचं अंतर ५ किलोमीटरवरून ५ सागरी मैल, म्हणजे ९.२६ किलोमीटर झालं. मुंबई विमानतळाभोवती एवढं वर्तुळ काढलं तर वांद्र्यापासून पवईपर्यंतच्या किती गच्च्या त्यात येतात ते नकाशावर दिसेल. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारावर येतं. धावपट्टीपासून ३ किलोमीटरवर ते दीडशे मीटरच्या आसपास उंचीवर असतं. ५ मिलिवॅटचं हिरवं पेनही सुमारे ८० मीटरपर्यंत क्षणिक आंधळेपणा, ३५० मीटरपर्यंत दिपवणारी झगमग आणि साडेतीन किलोमीटरपर्यंत लक्ष विचलित करणारा प्रकाश टाकू शकतं. १०० मिलिवॅटला ही सगळी अंतरं साडेचारपट होतात. शिवाय कॉकपिटच्या काचेवरचे बारीक ओरखडे तो ठिपका काचभर पसरवतात. वैमानिकाच्या डोळ्याला कायमची इजा व्हायची गरजच नाही. चाकं टेकायच्या आधीचे दहा सेकंद गेले तरी पुरे. लोकलचा मोटरमन आणि घाटातला एसटीचालक यांच्याबाबत हेच, फक्त त्यांच्यासाठी नियम ६६ सारखा नावाने लिहिलेला नियम नाही.

बाकी कायदा फाटक्या गोणीसारखा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा मनाई आदेश दोन महिने टिकतो. विक्री मात्र वर्षभर चालते. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं, पण त्याची दखल न्यायालय घेतं ती आदेश काढणाऱ्या किंवा त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच. ही तक्रार जोडायची राहिली की खटला तिथेच अडतो. कलम १२५, दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणारी हयगय, हे जास्त उपयोगाचं आहे. त्यात गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं ही व्याख्येनेच गंभीर दुखापत आहे. पण ते इजा झाल्यावरचं कलम. अणुऊर्जा नियामक मंडळाचा विषय आयनीकारक प्रारणांचा, लेझर त्यांच्या कक्षेत नाही. आणि आयएस/आयईसी ६०८२५-१ हे मानक सक्तीचं केल्याशिवाय फुटपाथवरच्या विक्रेत्याला बांधत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये मिरवणुकांतल्या लेझरचा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा खंडपीठाने विचारलं होतं की अपाय होतो याचा शास्त्रीय पुरावा काय. प्रश्न रास्त होता. ‘लेझर’ नावाच्या सरसकट वस्तूबद्दल पुरावा देताच येत नाही. ५३२ नॅनोमीटर, ८० मिलिवॅट, १२ मीटर अंतर, असं म्हटलं की पुरावा आकड्यांत देता येतो. म्हणून आदेशाची भाषा हा आमच्या लेखी कारकुनी मुद्दा नाही.

इतर देशांनी काय केलं ते थोडक्यात. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये सिडनीत विमानांवर मारा झाल्यावर १ मिलिवॅटच्या वरच्या पेनांची आयात रोखली. ब्रिटनने २०१८ मध्ये वाहनांवर लेझर मारणाऱ्यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा स्वतंत्र कायदा केला. स्वित्झर्लंडने १ जून २०१९ पासून वर्ग १ सोडून बाकी सगळी पेनं बंद केली, पुढे बाळगणंही. युद्धातसुद्धा कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेलं लेझर शस्त्र १९९५ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निषिद्ध आहे आणि भारत त्यात सामील आहे. जत्रेतल्या खेळण्यांच्या पाटीवर त्याहून सैल नियम असावेत, हे आम्हाला पटत नाही.

आता प्रत्येक कार्यालयाने काय करावं, ते.

वैध मापन शास्त्र यंत्रणेला नव्या कायद्याची वाट बघायची गरजच नाही. आवेष्टित वस्तू नियम २०११ प्रमाणे आयात केलेल्या प्रत्येक खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा संपर्क असायलाच हवा. बाजारातल्या बहुसंख्य पेनांच्या खोक्यावर यातलं काहीही नसतं. कुठलंही उपकरण न लावता, नुसतं खोकं उलटून बघून कारवाई होऊ शकते. गणपतीच्या आधीच्या महिन्यात मुंबईतली मनीष मार्केट आणि क्रॉफर्ड मार्केटची बाजू, पुण्याचा तुळशीबाग आणि पासोड्या विठोबाचा परिसर, नागपूरची सीताबर्डी इथल्या घाऊक विक्रेत्यांकडे एकेक फेरी झाली तरी पुढची साखळी आटते. किरकोळ विक्रेत्याच्या पाटीवरून दहा पेनं उचलून फारसं साधत नाही.

ऑनलाइन विक्रीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये वॉकीटॉकींबाबत केलं तेच करावं यासाठी राज्याने लेखी मागणी करावी. तिथे फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती नसलेल्या विक्रीच्या नोंदी रोखायचं ठरलं. इथे वर्ग, मिलिवॅट, तरंगलांबी आणि चाचणी अहवाल नसेल तर नोंद संकेतस्थळावरून काढून टाकावी. ‘माकडं पळवायचा लेझर’ या नावाखाली विकली जाणारी पेनं त्यात खास बघावीत. माकडाचा पडदाही आपल्यासारखाच जळतो आणि शेताच्या बांधापलीकडे रस्ता असतो.

मानक ब्यूरोकडे मागणी अशी: २०१६ च्या कायद्यातलं कलम १६ वापरून केंद्राने हातात धरायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या लेझर पेनांसाठी मानक चिन्ह सक्तीचं करावं, याची शिफारस करावी. मर्यादा १ मिलिवॅट, तीही ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये, आणि ७०० च्या पुढचं अवरक्त उत्सर्जन वर्ग १ च्या मर्यादेत. ही दुसरी अट वगळली तर पहिलीचा काही उपयोग नाही. व्याख्यानात पडद्यावर दाखवायला लाल पेन पुरतं. ६५० ऐवजी ६३५ नॅनोमीटरचं घेतलं तर तेवढ्याच शक्तीत ते दुप्पट उजळ दिसतं.

आकाशदर्शनाला १ मिलिवॅट हिरवा किरण अपुरा पडतो, हे आम्ही लपवत नाही. ५ मिलिवॅटचं, गाळणी असलेलं ३आर पेन शाळा, महाविद्यालयं आणि नोंदणीकृत संस्थांना नावानिशी द्यावं, खरेदीची नोंद ठेवावी, विमानतळापासून ५ सागरी मैलांत ते वापरू नये, आणि वापरताना एक माणूस फक्त विमानांकडे लक्ष ठेवायला असावा. त्याहून जास्त शक्ती आम्हालाही नको.

गृह विभागाने सर्व आयुक्तालयांना एकच नमुना मसुदा द्यावा. आमचा मसुदा असा: ‘हातात धरता येणारे व बॅटरीवर चालणारे, १ मिलिवॅटपेक्षा अधिक शक्तीचे अथवा शक्ती, तरंगलांबी व वर्ग यांची नोंद नसलेले कोणतेही लेझर उपकरण सार्वजनिक ठिकाणी बाळगणे, विकणे, किंवा कोणत्याही व्यक्ती, वाहन, रेल्वेगाडी वा विमानाच्या दिशेने रोखणे यास मनाई आहे. रोखण्याची मनाई शक्ती कितीही असली तरी लागू राहील.’ बीम लाइट आणि शो लेझरसाठी वेगळे परिच्छेद असावेत. तिन्ही एका वाक्यात कोंबू नयेत.

जप्तीच्या वेळी बऱ्याचदा मुद्देमालाचीच नासाडी होते. बीटवरच्या माणसाने पेन सुरू करून बघू नये, भिंतीवरही नाही. आधी सेल काढावा आणि वेगळ्या पाकिटात ठेवावा. पेन, सेल, टोपी, चावी, खोकं यांचे फोटो काढावेत. स्टिकर खरवडलेला असेल तर तसं पंचनाम्यात लिहावं. किरणाचा रंग, किती अंतरावरून, कोणाच्या दिशेने, अंदाजे किती वेळ, हे साक्षीदाराकडून त्याच वेळी लिहून घ्यावं. ‘लेझर लाइट जप्त’ एवढ्या नोंदीवर काही सिद्ध होत नाही.

मोजणी कलिन्याची न्यायसहायक प्रयोगशाळा करू शकते, आणि काम वाढलं तर विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांना सोबत घ्यावं. रीत एकच ठेवावी: नवा किंवा पूर्ण चार्ज केलेला सेल, पेनापासून १०० मिलिमीटरवर ७ मिलिमीटरचं छिद्र, त्यामागे औष्णिक संवेदक, म्हणजे उष्णतेवरून शक्ती मोजणारा. सुरू केल्याबरोबर, एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी आकडे घ्यावेत आणि सर्वांत मोठा धरावा, कारण हिरवं पेन तापताना त्याची शक्ती वरखाली होते. मग अवरक्त अडवणारी काच मध्ये घालून पुन्हा मोजावं. काचेत हिरवा किती अडतो याची दुरुस्ती करून उरलेला फरक अवरक्ताचा. नुसत्या फोटोडायोडच्या मीटरवर विसंबू नये. तो एका तरंगलांबीसाठी लावलेला असतो आणि दोन-तीन तरंगलांब्या एकत्र आल्या की खोटं बोलतो.

शक्तिमापक नसलेल्या महाविद्यालयात गाळणी आहे की नाही एवढं तपासायचं असेल तर सीडी चालते. तिच्या रेषांमध्ये १.६ मायक्रॉनचं अंतर असतं. पेन पकडीत घट्ट बसवावं, किरण सीडीवर काटकोनात पाडावा आणि पडदा सीडीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवावा. मधल्या ठिपक्यापासून हिरवा सुमारे १०.६ सेंटिमीटरवर उमटतो. ज्या वेबकॅममधली अवरक्त काच काढलेली आहे त्यातून बघितलं आणि १७.५ व २६.७ सेंटिमीटरवर ठिपके दिसले, तर ते ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचे. कॅमेरा अवरक्त बघतो का हे आधी टीव्हीच्या रिमोटने तपासावं. डीव्हीडी घेऊ नये. तिच्या रेषा ०.७४ मायक्रॉनवर असतात, त्यामुळे हे ठिपके पडद्यावर येतच नाहीत. ही चाचणी ५३२, ८०८ आणि १०६४ तिन्हींसाठी किरण अडवण्याची घनता लिहिलेला संरक्षक चष्मा घालूनच, प्रशिक्षित माणसाने करावी. सीडीवरून परतणारा किरण पेनाच्या किरणाइतकाच वाईट. पेनासोबत फुकट मिळणारा रंगीत प्लास्टिकचा चष्मा चष्मा धरू नये. घरी हा प्रयोग कुणी करू नये.

रुग्णालयांसाठी आरोग्य विभागाकडून एक पानाचा नमुना गृह विभागाने मागवून घ्यावा. मिरवणुकीनंतर डोळे लाल झालेला प्रत्येक जण लेझरचा रुग्ण नसतो. गुलाल, धूर, फटाक्याची राख आणि जागरण यांनीही डोळे लाल होतात. लेझरने पडद्याला झालेली इजा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. समोर, नेमकं बघायच्या जागी काळपट डाग दिसतो किंवा सरळ रेषा वाकडी दिसते. काही मिनिटं राहणारा हिरवट-गुलाबी ठसा बहुधा आपोआप जातो. डाग दुसऱ्या दिवशीही राहिला तर बाहुली मोठी करून तपासणी आणि ओसीटी (पडद्याच्या थरांची प्रतिमा काढणारी तपासणी) हवी. तोवर डोळा चोळू नये, औषधवाल्याकडचे स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत. स्टेरॉइडने पडदा भरून येतो असा ठोस पुरावा नाही. काहींची दृष्टी काही आठवड्यांत सुधारते, पीतबिंदूला छिद्र पडलं असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि काहींचा डाग आयुष्यभर राहतो. नमुन्यात किरणाचा रंग, अंतर, वेळ, पेन की शो लेझर, चष्मा होता का, आणि ओसीटीचा निष्कर्ष एवढे रकाने असले तरी पुढच्या वर्षी न्यायालयात आकडे ठेवता येतील.

राहिली आधीच घराघरांत असलेली पेनं. त्यांच्यासाठी नियम लागू होण्याआधी दोन महिने पोलीस ठाण्यांत आणि शाळांत, नाव न विचारता, जमा करण्याची सोय असावी. पेटी धातूची, सेल वेगळा, सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी. लिथियम सेल आणि पेनाची नळी एकत्र पडून शॉर्ट झाली तर पेटी पेटते. पेटी आठवड्याला ई-कचरा संकलकाकडे जावी, आणि पेन मोडण्याचं काम ठाण्यात कुणी हातोड्याने करू नये. मसुदा, नमुना अर्ज आणि मोजणीची रीत आम्ही सविस्तर लिहून देऊ, आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला विनामूल्य येऊ.

आपले,
भौतिकशास्त्राचे शिक्षक, नेत्रतज्ज्ञ, प्रकाशयोजनाकार आणि आकाशनिरीक्षक